वीस बाय दहाची रुचिका

रुचिका गावंडचा बेत अगदी सरळ होता. दहावीला नव्वदच्या वर टक्के काढायचे! एकदा का नव्वद पडले, की लोक मार्कांबद्दल बोलतील आणि तोंडाबद्दल गप्प बसतील. वर्षभर तिने या एका आशेवर अभ्यास केला. बाकीची पोरं इंजिनीयर व्हायला अभ्यास करतात, ही बिचारी लोकांची तोंडं बंद करायला करत होती. आता लोकांची तोंडं काय टक्क्यांनी बंद होतात होय? पण सोळाव्या वर्षी माणसाला असले भ्रम असतातच.

तोंडाबद्दल म्हणजे पिंपल्सबद्दल. नववीच्या दिवाळीत कपाळावर एक आलं, आणि नाताळापर्यंत त्याचा अख्खा गोतावळा गालांवर राहायला आला. त्या दिवसापासून उरणजवळच्या त्या खारकोंड गावात रुचिकाला कुणी "कशी आहेस?" म्हणून विचारलं नाही. जो तो आधी तिच्या गालाकडे बघायचा, मग चेहरा सुतकी करायचा, आणि मग उपाय सांगायचा. टूथपेस्ट लाव. बटाट्याचा रस लाव. तेलकट खाऊ नको. एका काकांनी तर मिठागरातलं खारं पाणी लावायला सांगितलं. "माज्या बैलाची खरूज गेली त्यानं!" असा दाखलाही दिला. रुचिकाने लावलं हो! दोन तास ती पंख्यासमोर तोंड धरून नाचत होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "वय आहे, होतं असं. मी देते तेवढंच लाव, फोडू नकोस, आणि कुणाचं काही ऐकू नकोस." पण डॉक्टरीणबाईंवर गावाने विश्वास तरी का ठेवावा? त्यांनी ना सुई टोचली, ना मोठं पथ्य सांगितलं!

इथपर्यंतही एक वेळ चाललं असतं. पण चुलतभावाच्या हळदीत फोटोग्राफर म्हणाला, "ताई, तुम्ही जरा मागच्या रांगेत या." सगळ्या घराने ते ऐकलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. तेव्हा रुचिकाच्या मस्तकात जी तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही.

मग निकाल लागला. एक्क्याण्णव पूर्णांक साठ! खारकोंडात याआधी नव्वदी फक्त भिकूआजोबांनी गाठली होती, आणि तीही वयाची. रुचिकाचे बाबा दयाराम यांचा ट्रेलर तेव्हा पोर्टच्या रांगेत उभा होता. त्यांनी आनंदाने जो भोंगा दाबला, तो पुढचे चार ड्रायव्हर भांडायला आले तेव्हाच सोडला. आई कमळ पदर तोंडाला लावून रडली. थोरल्या निकेतने "माझी बहीण, माझी शान" असं स्टेटस ठेवलं. दोन दिवस लोक खरोखर मार्कांबद्दल बोलले. रुचिकाला वाटलं, जिंकली आपण लढाई!

बुधवारी नाक्यावर फ्लेक्स लागला.

आता उरणकडच्या गावांत ज्याचा फ्लेक्स लागला नाही, तो जन्माला आलाच नाही असं धरून चालतात. नवा ट्रेलर घेतला, फ्लेक्स. बैलाचा वाढदिवस, फ्लेक्स. कोणी दुबईहून आठ दिवसांनी परत आला, तरी फ्लेक्स! आणि निकेत पडला युवा मंडळाचा उपाध्यक्ष. मंडळाला तसे सतरा उपाध्यक्ष आहेत, पण बहीण नव्वदच्या वर गेलेला हा एकटाच. त्याने उरणच्या कमलेशकडून वीस बाय दहाचा फ्लेक्स करवून आणला. खाली मंडळाच्या सव्वीस जणांचे गॉगलवाले फोटो, आणि मधोमध 'खारकोंडची शान, कु. रुचिका दयाराम गावंड'.

रुचिका पाव आणायला निघाली होती. नाक्यावर आली, वर बघितलं, आणि जागच्या जागी उभी राहिली.

वर एक मुलगी होती. तिचा रंग दुधाच्या पिशवीसारखा पांढराफेक होता. गालांवर पिंपल्स नव्हतेच, पण हे गाल आहेत असं ओळखायची दुसरी काही खूणही ठेवलेली नव्हती. नाक दोन भोकांपुरतं शिल्लक होतं. डोळे हिरवे. डोक्यामागे देवासारखं तेजाचं चक्र!

"ही कोण?" रुचिकाने विचारलं.

फ्लेक्सची दोरी आवळत निकेत शिडीवरून ओरडला, "अगं तूच! कसली कडक आलीस ना?"

"मी? ही मी?"

"मग काय! खाली नाव वाच ना!"

नावाशिवाय ओळखायला दुसरा पुरावाच नव्हता, हे त्या उपाध्यक्षाच्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळी दयाराम फेरी मारून आले, तेव्हा त्यांनी नाक्यावर ट्रेलर हळू केला आणि क्लीनरला विचारलं, "कोनाची पोर र ही?" क्लीनर म्हणाला, "शेट, तुमचीच." यावर बाप हसला तरी असता किंवा चिडला तरी असता. पण दयाराम घरी येऊन म्हणाले, "फोटो मस्त आलाय गो!" आणि आई भाकरी थापता थापता हळूच म्हणाली, "चांगली दिसते. आशीच दिसशील तू पन, जरा धीर धर."

ते वाक्य रुचिकाला मिठागरातल्या पाण्यापेक्षा जास्त झोंबलं. फ्लेक्स शत्रूने लावला असता तर तो फाडता आला असता. पण इथे सगळ्या घराला वाटत होतं, की पोरीचं कल्याण झालं! नव्वदच्या वर गेली रुचिका, आणि शान कोण, तर ती हिरव्या डोळ्यांची भवानी!

गुरुवारी सकाळी रुचिका सहा आसनी रिक्षाने उरणला गेली आणि कमलेशच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"माझे पिंपल्स परत लावा."

कमलेशच्या हातातला चहा हिंदकळला. "ताई, बारा वर्षं धंद्यात आहे. पिंपल्स मागायला आलेलं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही!"

"काढले कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? आपल्याकडे सिस्टीम आहे. लेडीजचा फोटो आला की स्किन साफ, रंग दोन नंबर वर. पुढाऱ्याचा आला की मिशी काळी, पोट आत. अहो, श्रद्धांजलीवाल्यांनापण गोरं करून देतो आपण! आजवर एकाची तक्रार नाही."

"ते कसले तक्रार करतायत!"

"घरच्यांची पण नाही!" कमलेश अभिमानाने म्हणाला. "आणि चार्ज एक रुपया नाही. फ्री सर्व्हिस!"

"मग माझा जुना फोटो लावून नवीन छापा. फ्री."

"जुना डिलीट झाला. आणि रविवारच्या गुणगौरवाचा स्टेजवरचा बॅनर पण ह्याच फोटोचा छापून गेला. तुमच्या भावानेच नेला काल. आता तुम्हीच काहीतरी अॅडजस्ट करा." एवढं म्हणून तो बारशाच्या फ्लेक्सकडे वळला. आठ दिवसांचं बाळ होतं, त्याच्या ओठांना तो गुलाबी रंग देत होता.

रुचिका धुमसत घरी आली, तर दारात चपलांचा ढीग! आत गावातल्या सहा-सात पोरी आणि त्यांच्या आया. सगळ्यांच्या नजरा तिच्या तोंडावर. आणि मधोमध पाटावर बसलेली गोदूमामी.

गोदूमामी ही कमळची लांबची वहिनी. मुंबईहून कुठूनशा डब्या आणून विकायची. डबीवर कंपनीचं नाव नाही, कुठे बनली ते नाही, नुसतं एका गोऱ्या बाईचं चित्र आणि 'एकवीस दिवसांत फरक'. दोन वर्षं त्या डब्या तिच्या कपाटात पडून होत्या. पण बुधवारी तिने फ्लेक्स बघितला आणि बाईचं डोकं चाललं! रुचिकाचा हळदीतला फोटो डावीकडे, फ्लेक्सचा फोटो उजवीकडे, मधे बाण, आणि खाली 'आमच्या रुचिकाची कमाल, फक्त एकवीस दिवस!' असं स्टेटस तिने ठेवलं. संध्याकाळपर्यंत गावातल्या निम्म्या घरांत डब्या पोचल्या होत्या.

"मामी! मी तुमची क्रीम कधी लावली?" रुचिका सगळ्यांसमोर ओरडली.

पोरी रुचिकाच्या गालांकडे बघत होत्या. तिथे सगळे पिंपल्स जागच्या जागी होते. एका आईने शंका काढलीच, "गोदू, हिच्या तोंडावं त हायत अजून!"

गोदूमामी जराही डगमगली नाही. "आदी सगला बाहेर निंगतं, मंग रोग उतरतो तो!" असं म्हणून तिने रुचिकाला हाताला धरून मागच्या पडवीत नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आगो बाय, माज्या पोटाव कशाला पाय देतंस? चार दिस घराच्या बाहेर निंगू नको ना! तू दिसलीस क लोक फ्लेक्स बघत नाय, तुना बघतान. माजा माल खपूं दे, मंग फिर गावभर."

म्हणजे ऐका! जिच्या नावावर धंदा, तिने घरात दडून बसायचं! रुचिका तरातरा घरात परत आली. तिने आईकडे बघितलं. आईने नजर चुकवली. आईच्या कमरेला खोचलेली होती एक डबी. फुकट मिळालेली.

"आये, तू पण?"

"लोकांच्या तोंडांत कितीक बोले कोंबायचे गो मी?" कमळ पुटपुटली. "लावून त बघ."

रुचिकाने डबी घेतली आणि परसातल्या मोरीत पालथी केली. मोरीजवळची दोन अळूची पानं दुसऱ्या दिवशी करपली म्हणतात. ते खरं असेल नसेल, पण रुचिका ते छातीठोकपणे सांगते.

शनिवारी दुपारी शेजारची प्रणाली मागच्या दाराने आली. तेरा वर्षांची पोर, आठवीत गेलेली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, नुसते डोळे दिसत होते. ओढणी काढली तेव्हा रुचिकाच्या हातातला तांदळाचा तांब्या पडला. पोरीचं तोंड उकडलेल्या चिंबोरीसारखं लालभडक झालं होतं. गालांची सालं निघत होती.

"दीदी, तू किती वेळ ठेवायचीस ग क्रीम?" प्रणालीने विचारलं. "मी रात्रभर ठेवली. दोन रात्री. माझंच काहीतरी चुकलं असेल ना?"

रुचिकाला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला. या पोरीच्या तोंडावर मुळात दोनच पुटकुळ्या होत्या. दोन! डासाने चावल्यावर येतात तेवढ्या. पण फ्लेक्सवरच्या भवानीला एकही नव्हती ना!

"तुझं काही चुकलं नाही. मी ती लावलीच नाही कधी. तो चेहरा कंप्युटरने केलाय."

"पण फोटो तुझाच आहे ना?" प्रणाली म्हणाली. तिचा विश्वास बसेना. बसावा तरी कसा? वीस फुटांचा पुरावा नाक्यावर उभा होता, आणि त्याच्यापुढे जिती रुचिका म्हणजे पाच फूट एक इंच!

रुचिका तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी डबी उलटीसुलटी करून बघितली, वास घेतला आणि अशा काही बोलल्या की कंपाउंडर बाहेर निघून गेला. "आठवड्यात पाचवी मुलगी! गावात सांगा कुणीतरी, हे लावू नका म्हणून!" पण सांगणार कोण आणि ऐकणार कोण? रुचिकाने त्या दिवशी चार घरी सांगितलं. चारही घरी एकच उत्तर मिळालं. "तुजा काम झाला, आथा दुसऱ्यांना नको म्हनतंस व्हय?"

रविवार उजाडला. गुणगौरव अकरा वाजता. नऊ वाजता निकेत पार्लरवालीला घेऊन दारात हजर!

"ही कशाला?"

"अगं, मागे बॅनरवर तो फोटो आहे. पुढे तू अशी उभी राहिलीस तर पाहुणे काय बोलतील? थोडं तरी मॅच झालं पाहिजे ना!"

चेहरा फ्लेक्सशी मॅच करायचा! फ्लेक्स चेहऱ्याशी नाही! असली उलटी खोपडी जगात दुसरीकडे सापडेल का? चपला पायात बसत नाहीत तर पाय तासा, म्हणणाऱ्यांची ही जात! रुचिका "नाही" म्हणाली. तीनदा म्हणाली. मग दयाराम पुढे आले. नवा शर्ट घातलेला, केसांना तेल, हातात रुमाल. ते म्हणाले, "आपल्या घरातला कोन कवा ष्टेजवं चढला नाय गो. आजच्या दिस ऐक माजा." बापाने आयुष्यात पहिल्यांदा गाडीला सुट्टी दिली होती. रुचिका मुकाट्याने खुर्चीत बसली.

पार्लरवालीने फोनवर फ्लेक्सचा फोटो लावून आरशाला टेकवला आणि गवंड्यासारखी कामाला लागली. थरावर थर! "टेन्शन नको," ती म्हणाली, "वॉटरप्रूफ मारलाय. हळदीला डीजेसमोर पाच तास नाचलेल्या नवऱ्या आपल्या, पण कुणाचा थेंब हलला नाही!"

हॉल खचाखच भरला होता. स्टेजवर समई, पनवेलहून आलेले प्रमुख पाहुणे, आणि पाठीमागे बॅनरवर तीच ती. सूत्रसंचालन करत होता विनेश, मंडळाचा आणखी एक उपाध्यक्ष. पाहुण्यांच्या खांद्यावर पांढरी शाल पडली, नारळ दिला गेला, तीन भाषणं झाली. त्या तीन भाषणांत मंडळाने बसवलेल्या दिव्यांच्या खांबांबद्दल बरंच होतं. मग विनेशने आवाज चढवला.

"आता येतेय खारकोंडची शान, रुचिका!"

टाळ्या पडल्या. रुचिका स्टेजवर गेली. पाहुण्यांनी बॅनरकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि समाधानाने मान हलवली. जमलं होतं! पहिल्या रांगेत निकेतने अंगठा वर केला.

आता आपले टक्के सांगितले जाणार म्हणून रुचिका ताठ उभी राहिली. विनेश म्हणाला, "आणि रुचिकाच्या या सौंदर्याचं रहस्य ज्यांच्याकडे आहे, त्या आपल्या आजच्या अल्पोपहाराच्या सौजन्यमूर्ती गोदूमामी दोन शब्द बोलतील!"

टक्के राहिले बाजूला! गोदूमामी पैठणी सावरत आली. हातात डबी. "मंडली, या पोरीची हालत तुमी सगल्यांनी बघितलीय. लग्नात मागं उभी करीत होते हिला. आन आथा बघा!" तिने रुचिकाची हनुवटी धरून तोंड लोकांकडे वळवलं. बैलबाजारात दात दाखवतात तसं! "काय गो बाय, सांग ना सगल्यांना!" आणि माईक रुचिकाच्या तोंडासमोर आला.

समोर दुसऱ्या रांगेत ओढणी गुंडाळलेली प्रणाली बसली होती. नुसते डोळे.

वर्षभराची ती तिडीक, हळदीतली मागची रांग, बैलाची खरूज, मोरीत ओतलेली डबी, सगळं एकदम रुचिकाच्या डोक्यात उसळलं. "सांगते!" ती माईकमध्ये इतक्या जोरात ओरडली की स्पीकर शिट्टी मारू लागला. "थांबा, आधी दाखवते, मग सांगते!"

तिने पाहुण्यांपुढची पाण्याची बाटली उचलली आणि सगळी तोंडावर ओतली. निम्मं पाणी समईवर उडालं, तीन वाती फुस्स करून विझल्या. म्हातारे लोक "हां हां हां!" करत उठले. रुचिकाने दोन्ही हातांनी खसाखसा तोंड चोळलं आणि मोठ्या दिमाखाने मान वर केली.

काहीही झालं नव्हतं! चेहरा तसाच पांढराफेक, उलट न्हाऊन अजून तजेलदार! वॉटरप्रूफ होता ना! टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बघ, पान्यानं पन जात नाय! दे गोदू, मना दोन डब्या दे!"

गोदूमामीने हात जोडून आभार मानायला सुरुवात केली. रुचिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःचं तोंड, आणि ते स्वतःलाच सापडेना! तिने नखांनी ओरबाडलं, बाहीने घासलं. आता एक भुवई गालावर आली, पण पिंपल एक दिसेल तर शपथ.

"दीदी, तेल! तेलाने जातं!"

ओढणी फेकून प्रणाली खुर्चीवर उभी होती. लालबुंद, सोललेलं तोंड, सगळ्या हॉलसमोर उघडं. तिची आई तिला खाली खेचत होती आणि ती ओरडत होती, "समईजवळ बाटली आहे बघ!"

रुचिकाने समईमागची तेलाची बाटली उचलली आणि अर्धी तोंडावर रिकामी केली. आता पुसायला काय? हात लागला तो पाहुण्यांच्या शालीला. शाल त्यांच्या खांद्यावर, टोक रुचिकाच्या तोंडावर! पाहुणे बिचारे खेचले जात जात चार पावलं तिच्यामागून आले. त्यांना वाटलं, पोरगी आशीर्वाद घेतेय. त्यांनी तिच्या डोक्यावर हातही ठेवला.

शाल खाली आली तेव्हा अर्धी बॅनरवरची मुलगी शालीवर उतरली होती, ओठ, एक भुवई आणि पापण्यांवरच्या हिरव्या रंगासकट. आणि तेलाने चकाकणारी, लाल पिंपल्सची, सावळी रुचिका माईकसमोर धापा टाकत उभी होती.

"हे माझं तोंड! हेच होतं, हेच आहे! मी हिची क्रीम कधी लावलेली नाही! कमलेशने कंप्युटरवर चेहरा पुसला, मामीने त्याच्यावर डब्या विकल्या, आणि लावली कुणी, तर तिने!" तिने प्रणालीकडे हात केला. "बघा तिच्याकडे! नीट बघा! दोन पुटकुळ्या होत्या तिला! माझ्या तोंडाकडे दोन वर्षं बघताय ना डोळे फाडून? मग आता तिच्याकडे बघा!"

मग तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली आणि तिने शेजारी बसलेल्या आपल्या मुलीच्या तोंडावरचा रुमाल काढला. ते तोंडही लाल. मग अजून एक. "गोदू!" असा पहिला आवाज आला, आणि त्यानंतर जो गलका उठला त्यात पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. गोदूमामी मागच्या दाराने गेली. जाताना वड्यांचं पातेलं मात्र तिने नेलं, कारण अल्पोपहाराचं सौजन्य तिचं होतं.

पाहुण्यांनी शालीकडे बघितलं, रुचिकाकडे बघितलं, आणि हात जास्तीत जास्त लांब करून ट्रॉफीचा खोका तिच्या हातात दिला. "अभिनंदन," ते म्हणाले. टक्के शेवटपर्यंत कुणी सांगितले नाहीत.

घरी आल्यावर निकेतने आकाशपाताळ एक केलं. मंडळाची इज्जत गेली, पाहुणे पुन्हा येणार नाहीत, गाव उपाशी राहिलं! दयारामांनी त्याला एकदाच सुनावलं, "तू फोटो देताना माजी पोर वलखू येते क नाय, ता बघितलास?" आणि शर्ट बदलून ओट्यावर जाऊन बसले. क्लीनरला विचारलेला तो प्रश्न त्यांना फार उशिरा लागला असावा. कमळ सुकट निवडत बसली.

रुचिकाने खोका उघडला. आत काचेची ट्रॉफी. खाली कोरलेलं, 'रुचिका दयाराम गावंड, ९१.६०%'. आणि वर, काचेच्या मधोमध, रंगीत छापलेली ती! हिरवे डोळे, नाकाची दोन भोकं, डोक्यामागे चक्र!

ट्रॉफी फोडावी म्हणून तिने हात उचललासुद्धा. पण टक्के त्याच काचेवर होते. वर्षभराची मेहनत फोडायची तरी कशी? तिने निकेतच्या बॅगेतला काळा मार्कर काढला, भिंतीवरच्या आरशासमोर बसली, आणि आरशात बघत बघत त्या पांढऱ्याफेक तोंडावर आपले पिंपल्स काढायला लागली. जे जिथे, ते तिथे. एकही सोडणार नाही! कपाळावर तीन. डाव्या गालावर चार. उजव्यावर दोन. नाकाच्या शेंड्यावर एक.

मग ती थांबली. परत आरशात बघितलं, परत मोजलं. दहाच! तिला दोन वर्षं वाटत होतं, शे-दीडशे तरी असतील.

कमळ सुपली बाजूला ठेवून मागे येऊन उभी राहिली. पदराला हात पुसले, ट्रॉफी उजेडाकडे धरली, लेकीचं तोंड हनुवटीला धरून वळवलं. आईने आपलं तोंड इतक्या जवळून, इतका वेळ कधी बघितलेलं रुचिकाला आठवेना. आता आई डोळ्यांत पाणी आणून काहीतरी बोलणार, असं तिला वाटलं.

कमळ म्हणाली, "हनवटीवरची येक रायली."